जागलीला तीन रात्री सुट्टी

केनवडजवळच्या आमच्या भाजीच्या मळ्यात बाबा रोज रात्री जागलीला, पिकाची राखण करायला, जातात. चाळीस वर्षांत मळा सोडून त्यांनी एक रात्रही बाहेर काढली नव्हती. रोही आणि रानडुकरं वांगी ठेवत नाहीत, हे कारण कायमचं तयार. त्यांना तीन रात्री तरी सुट्टी द्यायचीच, हा हट्ट माझा. शेवटी चुलतभावाला मळ्यात बसवलं. तंबू, स्टोव्ह, आई, बाबा आणि माझी आठ वर्षांची लेक गाडीत कोंबली आणि स्टिअरिंग मी धरलं. मेळघाट, पेंच, ताडोबा. तीन जंगलं, तीन मुक्काम.

मेळघाटच्या पहिल्याच घाटात बाबा म्हणाले, "सकायी वापस जाऊ."

"काहून?"

"तो पोट्टा झोपून जाईन. रोही वांगे खाऊन टाकतीन."

"तुमी गुमान बसा," आई म्हणाली, "मले दरी पाहू द्या."

पुढे प्रत्येक चहाच्या टपरीवर बाबा मळ्यात फोन लावत आणि परतीच्या एसटीची चौकशी करत. माझं डोकं फिरलं. निघाले होते सुट्टीवर, आणि करत होते बाबांची राखण!

पेंचला जंगलालगतच्या मैदानात तंबू ठोकला. उजाडता उजाडता थाळी बडवल्याचा आवाज आला, पाठोपाठ बाबांची आरोळी, "हुर्रर! हाऽऽड!" मी तंबूची चेन उघडून डोकावले. सात-आठ रोह्यांचा कळप, शहरातले लोक ज्यांना कौतुकानं नीलगाय म्हणतात त्यांचा, जंगलात पसार होत होता. मागे बनियनवर बाबा, एका हातात थाळी, दुसऱ्यात उलथनं. शेजारच्या तंबूंपुढे कॅमेरे सरसावलेले पर्यटक, सगळ्यांची तोंडं पडलेली.

"काकाजी, काय करून राह्यले?" रखवालदार धावत आला. "लोक हेच पाहाले येतात ना!"

"झोपेत वाटलं मळ्यातच हाव," बाबा पुटपुटले.

मी पोट दुखेपर्यंत हसले. मग वाईटही वाटलं. सुट्टीवर आणलेल्या माणसाची जागली काही सुटली नव्हती. आता हे दुपारची एसटी धरणार, असंच मला वाटलं. पण त्या दिवशी त्यांनी परतीचं नाव काढलं नाही. बहुधा लाजेनं.

ताडोब्यात तिसऱ्या मुक्कामानंतर सकाळी उघड्या जिप्सीतून निघालो. वाघाचा पत्ता नव्हता. एका वळणावर एकटा रोही उभा होता, दहा हातांवर, पाला ओरबाडत. बाबांचा हात आपसूक वर गेला. लेकीनं तो धरला. "आबाजी, नका ना."

रोह्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि चघळत राहिला. बाबा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते. मग आईला हळूच म्हणाले, "चाळीस वर्सं म्या याची पाठच पाह्यली वं. डोये किती मोठे हायेत याचे."

जिप्सीवाल्याला पुढे वाघ निघाल्याचं कळलं. त्यानं घाईनं चावी फिरवली.

"थांब लेका," बाबा म्हणाले, "त्याले खाऊ दे."