भुशाच्या शेगडीवरच्या घुगऱ्या

टिकारामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. भिलाईतल्या खुर्सीपारच्या झोपडीत तो एकटाच. उठला की आधी शेगडी भरायची. डब्यात मधोमध बाटली उभी करायची आणि भोवती सुतारांकडून आणलेला लाकडाचा भुसा ठासायचा. सैल राहिला तर भडकून तासाभरात राख. फार ठासला तर कोंडून विझतो. मग बाटली फिरवत वर ओढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. भुसा दिवसभर धुमसतो. वर मडक्यात भिजवलेलं कडधान्य. पोलाद कारखान्याच्या बांधकामावर काँक्रीट ओतून परतेपर्यंत दाणा मऊ. घरी गेल्यावर गरम असं तेवढंच असायचं.

बायको चंपा बाळंतपणाला माहेरी, तुमसरकडे गेलेली. एकदा गावचा देवीदास तिकडून परतला. हातात गाठोडं.

"चंपाले पोरगी झाली बे! तुह्या सासूनं वाल देल्ले. रविवारी बारसं हाय."

मुकादमाने सुट्टी दिली नाही. भट्टीच्या पायाचं काँक्रीट मधे थांबवता येत नाही, हेही खरंच.

टिकारामने ठरवलं, बारशाच्या घुगऱ्या इथेही वाटायच्या. आपण बाप झालो हे इथे कुणाला तरी कळलं पाहिजे. तोंडाने सांगायची लाज वाटत होती. घुगऱ्या पाहिल्या की कुणीही विचारेलच.

वाल जुने, खड्यासारखे. दोन दिवस भिजवले. शनिवारी संध्याकाळीच शेगडी पेटवली. शिजेपर्यंत मीठ टाकलं नाही. पहाटे दाणा चिमटीत धरला. साल शाबूत, आत लोणी.

दुपारच्या सुट्टीत त्याने पळसाच्या पानांवर मूठ मूठ वाटल्या.

"वा, आज का नाश्ता टिकाराम की तरफ से!" रायपूरकडचा बाबुलाल ओरडला. "नमक कम है, पर चलेगा."

कुणी मिरची मागितली. पानं रिकामी झाली. विचारलं कुणीच नाही. त्यांच्या मुलखात बारशाला घुगऱ्या वाटतच नसत.

शेवटी घमेली वाहणारी शकुबाई आली. ती भंडाऱ्याकडचीच. पान हातात घेऊन थबकली.

"कावो भाऊ, घुगऱ्या? कोणाचं बारसं हाय?"

"माह्या पोरीचं."

"अगं माय! अन् असे मुक्यानं वाटून राहिले? नाव काय ठेवलं?"

टिकारामचा हात मडक्यातच राहिला. "मले काय मालूम? तिकडे आता ठेवत असतील."

शकुबाई हसली नाही. सावकाश चावून तिने पान संपवलं. "मस्त शिजल्या," म्हणाली आणि घमेलं उचललं.

तळाशी थोड्या उरल्या होत्या. त्या त्याने संध्याकाळी झोपडीत एकट्याने खाल्ल्या.

नाव त्याला दिवाळीला देवीदासकडून कळलं. कौशल्या. पाया भरला, त्यावर भट्टी उभी राहिली, तेव्हा कुठे त्याने चंपाला बोलावून घेतलं. भिलाई स्टेशनवर पोरगी आपल्या पायांनी चालत आली.

"तुहं नाव काय वं?" त्याने मुद्दाम विचारलं.

ती आईच्या लुगड्यामागे लपली. फाटकावर चंपाने तिकीट तपासणाऱ्याला तिकीट दिलं. टिकारामच्या मजुरीतून काढलेलं, एकच. एवढ्या लहान पोरीचं लागत नव्हतं.