तीन सिंहांचा मेजर

आमच्या भागात घरटी एक माणूस लष्करात, आणि लष्कर म्हणजे पायदळ. मी नेव्हीत गेलो तेव्हा चुलत्यानं वडिलांना विचारलं होतं, पोराला तिकडं पोहायला पाठवताय होय? पुढं पंचवीस वर्षं जहाजाच्या पोटात इंजिनं सांभाळली, चीफ होऊन बाहेर पडलो, तरी माझा हुद्दा काय होता ते आमच्या लोकांना कळलं नाही ते नाहीच. जाऊ दे, म्हटलं.

चीफ म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं बोंबलेल. नेव्हीतला चीफ लष्करातल्या नायब सुभेदाराच्या बरोबरीचा. जवानांच्या वर, साहेबांच्या खाली. सॅल्यूट त्यानं साहेबाला करायचा, स्वतः घ्यायचा नाही. पण आमचा ड्रेस पांढराशुभ्र, डोक्यावर साहेबी थाटाची कॅप आणि खांद्यावर तीन सिंहांची राजमुद्रा. लष्करात खांद्यावर नुसते सिंह दिसले की तो माणूस मेजर. त्यामुळं लष्करवाले आम्हाला बघून हमखास फसतात.

एकदा सुट्टीवर येताना मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर एक जवान ट्रंकेवरून ताडकन उठला आणि त्यानं मला असा खणखणीत सॅल्यूट ठोकला की शेजारचा चहावाला दचकला. मी त्याला सांगितलं, अरे बाबा, मी चीफ आहे, साहेब नाही. तो बिचारा लाजून ट्रंकेवर परत बसला. बायको सोबत होती. गाडी कोल्हापूरला लागेपर्यंत ती हसत होती. "दिला तर घ्यायचा की," म्हणाली, "तुमच्या खिशातलं काय जातंय?" त्यानंतर असं कितीदा झालं, आणि प्रत्येक वेळी मी खरं सांगितलं. घरी येऊन ते तिला सांगायचं आणि दोघांनी हसायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता.

ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. मुलगी बंगळूरला असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते. मी जेवलो म्हणतो. ती गेल्यावर मी रंकाळा तलावाच्या मागच्या बाजूला या चार मजली बिल्डिंगमध्ये राहायला आलो, वरच्या मजल्यावर. सुरुवातीचे चार महिने तर असे गेले की दिवसभरात माझ्याशी बोलणारा एकच माणूस, दूधवाला, आणि तो म्हणायचा, "पावणं, पिशवी." तेवढंच. इंजिनरूमच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला घरातली शांतता सोसत नाही हो. मी स्वयंपाकघरातला नळ थोडा सुटा ठेवायचो, काहीतरी वाजत राहावं म्हणून.

अशात एका सकाळी बेल वाजली. खाली दुसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेकडं राहणारे एक म्हातारे गृहस्थ पाण्याच्या टाकीच्या अर्जावर सह्या घेत फिरत होते. अंग काठीसारखं सरळ, मिशा पांढऱ्या, बोलणं रांगडं. पायदळातून सुभेदार होऊन रिटायर झालेले, हे त्यांनीच सांगितलं. मी चष्मा शोधायला आत गेलो आणि बाहेर आलो तर हे भिंतीवरच्या माझ्या फोटोसमोर उभे. पांढऱ्या ड्रेसमधला फोटो. त्यांची नजर खांद्यावरच्या सिंहांवर. त्यांनी टाचा जुळवल्या, खिशातली पांढरी टोपी काढून डोक्यावर घातली, कारण लष्करात उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत, आणि मला कडक सॅल्यूट केला.

"मेजर साहेब, म्हाईतच न्हवतं," म्हणाले. "माफी असावी."

आता मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. पण चार महिन्यांत माझ्याकडं कुणी असं बघितलंच नव्हतं. बायकोचं ते वाक्य आठवलं, दिला तर घ्यायचा की. मी हात वर केला आणि सॅल्यूट घेतला. आणि बघा, त्यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की सुभेदार हा नायब सुभेदाराच्या वरचा. म्हणजे तो माणूस मला सीनियर होता.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी रंकाळ्यावर जायला लागलो. खरं कारण हेच की सुभेदार तिथं रोज येतात असं ते बोलता बोलता म्हणाले होते. मी एका बाकावर बसायचो, मुद्दाम एका टोकाला. शेजारी जागा राहावी एवढ्यासाठी. सुभेदार लांबून येताना दिसायचे. मला बघितलं की खिशातून टोपी काढायची, डोक्यावर चढवायची, समोर येऊन थांबायचं, सॅल्यूट. मी हात वर करायचो. तब्येत बरी काय, असं एक वाक्य ते उभ्या उभ्या विचारायचे. मी बसा म्हणायचो. ते म्हणायचे, "न्हाय साहेब, बरं हाय," आणि पुढच्या बाकावर जाऊन बसायचे. साहेबाच्या शेजारी सुभेदार बसत नाही. त्यांच्या हाडात मुरलेलं होतं ते.

पुढच्या बाकावर त्यांचे दोन दोस्त असायचे, एक शाळामास्तर आणि एक पेठ वडगावचा अडत दुकानदार. कागदाच्या पुडीत भडंग असायचं. काय हसायचे ते लोक! मला अर्धं ऐकू यायचं. मी तिकडं बघितलं की सुभेदार आवाज खाली घ्यायचे, साहेबाला त्रास नको म्हणून. मग मी बघायचंही सोडून दिलं, पाण्याकडं तोंड करून बसायचो.

एकदा त्यांनी विचारलं, "साहेब, नेव्हीत तळहात झाकून सॅल्यूट करत्यात व्हय?" लष्करात तळहात समोरच्याला दिसतो, आमच्यात तो खाली वळवलेला असतो. मी जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगितलं, पूर्वी दोरांच्या डांबरानं खलाशांचे हात काळे व्हायचे, ते साहेबाला दिसू नयेत म्हणून तशी पद्धत पडली. त्यांनी मान हलवली. हे झाकाझाकीचं मी कुणाला समजावून सांगतोय, हे माझं मलाच लागलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तोवर बिल्डिंगभर मी मेजर झालो होतो. लिफ्टमध्ये भेटणारी शेजारीण मेजर काका म्हणायची. आणि मग आला सव्वीस जानेवारी. आमच्या आवारात झेंडा दरवर्षी सुभेदारांच्या हातानं चढायचा. या वेळी मीटिंगमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणे, मेजर साहेब असताना मी दोरी ओढणं बरं दिसत नाही. सेक्रेटरी मला सांगायला वर आला. मी आढेवेढे घेतले, गुडघ्याचं कारण काढलं, पण खरं एकदाही बोललो नाही. झेंडा मीच चढवला. खाली पहिल्या रांगेत सुभेदार, छातीवर पदकं, टोपी नीट बसवलेली, हात कपाळाशी. त्यांचा नातू आईला विचारत होता, आजोबा का नाही ओढत या वेळी? सून त्याला गप्प करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी मी सांगायचंच ठरवून दोन जिने उतरलो. दार उघडंच होतं. सुभेदार बनियनवर बसून टीव्ही बघत होते. मला बघून असे गडबडले की बोलता सोय नाही. आधी टोपी शोधली, ती सापडेना, मग उघड्या डोक्यानं सावधान उभे राहिले. सुनेनं पदरानं खुर्ची पुसली. चहा मला कपबशीत आला, फुलांच्या नक्षीच्या, बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात. सुभेदारांनी स्वतःचा पेला उभ्यानंच संपवला. मी खाली बसलेला, ते उभे. अशा वेळी कसं सांगायचं, सांगा? मी टाकीच्या पाण्याबद्दल काहीतरी बोललो आणि वर आलो. जिन्यात थांबून स्वतःला चार शिव्या घातल्या.

माझा मूर्खपणा बघा. हा माणूस तुटू नये म्हणून मी खोटं धरून बसलो होतो. खरं सांगितलं तर तो रागावेल, परत तोंड बघणार नाही, आणि मग सकाळी मला कुणाची वाट बघायची, ही एकच भीती. असे दहा महिने काढले मी.

मग जूनमध्ये कळलं की त्यांच्या मुलाला वारणानगरच्या साखर कारखान्यात नोकरी लागली, कॉलनीत क्वार्टर मिळालं, रविवारी सगळे निघाले. हे मला सुभेदारांनी सांगितलं नाही, दूधवाल्यानं सांगितलं.

रविवारी सकाळी खाली टेम्पो लागला. मी गॅलरीतून बघत होतो. कपाट गेलं, गॅस गेला, सुभेदारांची काळी ट्रंक गेली. आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी उतरलो. ते जिन्याच्या खालच्या पायरीपाशी उभे होते. मला बघून त्यांचा हात खिशाकडं गेला, टोपी काढायला. मी तो हात धरला.

म्हटलं, सुभेदार साहेब, टोपी राहू द्या. मी मेजर नव्हतो. मी चीफ होतो, आमच्यात चीफच्या खांद्यावर पण सिंह असतात. तुम्ही चुकलात आणि मी चुकू दिलं. सॅल्यूट खरा मी तुम्हाला करायचा.

मला वाटलं आता देतात एक शिवी. द्यावी असंच वाटत होतं.

"चीफ म्हंजे आमच्यातलं काय?" त्यांनी विचारलं.

"नायब सुभेदार."

त्यांनी मनाशी हिशेब केला, दिसला मला तो चेहऱ्यावर. टोपी अर्धी बाहेर आली होती ती परत खिशात कोंबली. कपाळावर आठी आली, आणि एकदम जोरात, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "मग वरीसभर त्या बाकावर एकटंच का बसलासा?"

मी बाहीनं डोळे पुसले. या वयात, दिवसाढवळ्या, टेम्पोवाल्यासमोर.

ते पायरीवर बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली. मी बसलो. पलंग जिन्यात अडकला होता, तो निघेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मिळाली. त्यांनी माझा इंजिनरूमचा जमाना विचारला, चीफचा पगार विचारला, डांबराची गोष्ट खरी का थाप तेही विचारलं. मग म्हणाले, त्यांचीही बायको माझ्या बायकोच्या आदल्या साली गेली, दिवाळीच्या आधी. रात्री झोप येत नाही. मास्तरला आणि दुकानदाराला काय सांगणार, दोघांच्या बायका घरी आहेत. तुम्हाला सांगावं असं लई वेळा मनात आलं, म्हणाले, पण साहेबाला कसं सांगायचं?

पलंग निघाला. सुनेनं हाक मारली. सुभेदार उठले, माझ्या खांद्यावर थाप मारली, सीनियर मारतो तशी, आणि टेम्पोत पुढं जाऊन बसले.

त्याला आता तीन महिने झाले. वारणानगरची एसटी काही लांबची नाही. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. कुठल्या तोंडानं जायचं, असं होतं. पंधरा ऑगस्टला सेक्रेटरी परत विचारायला आला, तेव्हा त्याला खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, असू दे हो मेजर, झेंडा तर चढवायचाच आहे. मी चढवला नाही. सगळ्यात मागं जाऊन उभा राहिलो.

रंकाळ्यावर मात्र रोज जातो. बाकाच्या एका टोकालाच बसतो, दुसरं टोक मोकळं ठेवून. परवा एक अनोळखी पाहुणा येऊन विचारत होता, इथं कुणी बसतंय का? मी हो म्हणालो.