मासळीबाजारातली पेटी

डोंबिवलीतल्या एका सासू-सुनेची ती घटना मला आजही आठवते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वस्ती भराभर वाढत होती आणि विजेसाठी मासळीबाजाराच्या तोंडाशीच कारखान्यातून तयार होऊन आलेलं सबस्टेशन आणून ठेवलं होतं. खोलीएवढी लोखंडी पेटीच ती. भोवती कुंपण नाही. एक कोळीण आणि तिची सून तिथं आधीपासूनच मासळी विकायच्या, पुढे त्या पेटीच्या सावलीला बसू लागल्या. एका सकाळी उठताना सुनेनं पेटीला हात टेकला आणि ती जागीच गेली.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. तेवढ्यात पोलीस ठाण्यात निनावी फोन आला की सासूनंच तिला ढकललं, दोघींचं रोज वाजायचं. निनावी फोन करणाऱ्याला सगळं दिसलेलं असतं, फक्त नाव विचारलं की त्याची दातखीळ बसते. पण सुनेच्या माहेरच्यांनीही तेच धरून ठेवलं. लग्नाला सात वर्षंही झाली नव्हती, अशा मृत्यूत कायद्याचा संशय आधी सासरच्यांवरच जातो, त्यामुळे सासूची अटक जवळजवळ ठरल्यासारखीच होती.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिची चौकशी केली. तिनं काहीच झाकलं नाही. त्या सकाळीही वाजलं होतं, म्हणाली. सून उन्हात बसली होती, हिनंच ओरडून तिला सावलीत बसवलं होतं. एवढं सांगून ती रडू लागली. गुन्हा केलेला माणूस स्वतःला अडकवणारं असं आपणहून सांगत नाही. मला तिची फार कणव आली.

पंचनाम्याच्या वेळी पेटीच्या बुडाशी जमीन मिठानं पांढरी पडलेली मी पाहिली होती. विद्युत निरीक्षकांना बोलावून तिथंच खणायला लावलं. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती. आतल्या एका तारेचं आवरण फाटून ती पत्र्याला टेकली होती. पट्टी शाबूत असती तर पुरवठा तत्काळ बंद पडला असता. नियमानं अशा दोन पट्ट्या लागतात, इथं एकच होती.

सासूवरचा संशय फिटला. जाताना ती दारात थबकली.

"साहेब, मंग माझे सुनेला मारली कोनी?"

पट्टी कशानं खाल्ली, हे मला कळलं होतं. रोज मासळीच्या टबातलं खारं पाणी ही सासूच तिथं ओतायची. मी म्हणालो, "बाई, पट्ट्या दोन पाहिजेत. त्यांनी एकच लावली."

यात खोटं काही नव्हतं. बाजारात पेटी ठेवताना तिथं काय सांडतं, हे ठेवणाऱ्यांनी आधी बघायला हवं होतं. माझ्या अहवालातही मी तसंच लिहिलं.

पुढे एकदा बाजारातून जीपनं जाताना ती दिसली. पेटीपासून लांब, उन्हात बसली होती. मासळी संपल्यावर तिनं टब उचलला आणि थेंबही सांडू न देता रस्ता ओलांडून पार गटारापर्यंत नेऊन ओतला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी जीप थांबवली, पण खाली उतरायचा धीर झाला नाही. पोलिसानं सोडलं म्हणजे माणूस सुटतोच असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.