पाळीवर मी न घेतलेलं नाव

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. माझ्या खिशात किती बिड्या आहेत ते बायकोला ठाऊक असतं, पण हे तिलाही ठाऊक नाही. पूर्ण गोष्ट एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्या माणसानं ती कधी उकरून काढली नाही. म्हणून तर माझं इतकी वर्षं निभावलं. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतो — की ओळखीच्यांना सांगायची छाती नाही, म्हणून? तेच खरं असेल.

सुरुवात एका टीव्ही मालिकेपासून करावी लागते. हसू नका.

दहा-बारा वर्षं झाली असतील. संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. शहरातलं एक साधं कुटुंब, आणि त्यांच्या कोठीच्या खोलीचं दार थेट तीनशे वर्षं पुढच्या काळात उघडायचं. त्या दारातून पुढच्या काळातल्या शाळेची सहल यायची, 'जुनी माणसं कशी जगत' हे बघायला. सोबत एक गाइडबाई, हातात छत्री. ती छत्रीनं एकेक दाखवत जायची. मुलांनो, इकडं पाहा, ही इस्त्री. मुलांनो, इकडं पाहा, ही सून. ही सगळ्यांच्या शेवटी जेवते. का जेवते, ते या घरात कोणालाच माहीत नाही, तेव्हा विचारून त्यांना त्रास देऊ नका. आणि त्या घरातली माणसं आपली खुर्चीवर बसल्या बसल्या चुळबुळ करायची.

मी वेडा झालो होतो त्या मालिकेसाठी. वीज गेली तर वायरमनच्या नावानं शिमगा करायचो. गावात बरेच जण पाहायचे, पोट धरून हसायचे आणि उठून जेवायला जायचे. मला मात्र वाटायचं, ही मालिका मला कळते. या लोकांना नुसतं हसू येतं, मला आतलं कळतं. केवढी ती ऐट!

टीव्ही होता सुमन वहिनीच्या घरी. माझ्या थोरल्या भावानं घेतलेला. भाऊ तापानं गेला, टीव्ही राहिला. आमच्या चुली आधीपासूनच वेगळ्या, पण अंगण एक. मी, वहिनी आणि तिची लहान मुलगी असे तिघं बसून पाहायचो. वहिनीच्या मांडीवर जाळं असायचं. आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूचं, मासेमारांचं. आमच्या मच्छीमार सोसायटीची अर्धी जाळी तिच्या हातची. नजर टीव्हीवर आणि सुई आपली चालू.

मग आम्हाला खेळच लागला. मालिका संपली की आपल्या गावाची सहल काढायची. मी छत्रीऐवजी लाटणं धरून बोलायचो. मुलांनो, इकडं पाहा, हे सरपंच. हे उभे राहिले की फोटो निघतो. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. एकदा तिनं माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि हळूच म्हणाली, "पोराहो, इकडं पाहा. हा देवाचा वाटा. देव पान्यात उतरत नाई, तरी त्याले वाटा हाय. ही बाई जाळं इनते. तिले वाटा नाई. काऊन नाई, ते इचारू नका. कोनालेच मालूम नाई."

मी हसलो नाही. अंगावर काटा आला. मालिकेतल्या कुठल्याही भागापेक्षा ते भारी होतं, आणि ते तिला सुचलं होतं, मला नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

आता वाट्याचं सांगायला हवं. आमचा मामा तलाव — माजी मालगुजारांच्या वेळचं, धानाला पाणी देणारं तळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात. रोहू, कतला, मरळ, जे निघेल त्याचे पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतात. जितके पाण्यात उतरले तितके ढीग, आणि वरून एक देवाचा. मग एक जण ढिगांकडे पाठ करून, तळ्याकडे तोंड करून उभा राहतो. अध्यक्ष एका ढिगावर काठी टेकवतो आणि विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस एक नाव घेतो. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून कोणी कुरकुर करत नाही. घेतलेलं नाव फिरवायचं नाही. नाव घेणाऱ्याचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

पाठमोरा उभा राहायचो मी. बारावी झालेला, कोणाच्या भानगडीत नसलेला, सगळ्यांच्या विश्वासाचा.

भाऊ गेला आणि त्याचा वाटा बंद झाला. जो पाण्यात उतरेल त्याचा ढीग, असं अध्यक्षांनी सांगितलं. ते आमचे बाबूराव काका. आणि बाईनं जाळ्यासोबत पाण्यात उतरायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. वाटा म्हणजे चार मासे नव्हेत हो. वाटा असला की तळ्यावर हक्क असतो, सोसायटीत शब्द असतो. बाई कोणाच्या ओसरीला न लागता आपल्या घरात राहू शकते. नाहीतर मग दीर देईल ते घ्यायचं. तो दीर मी.

बेत माझा होता. माझाच. वहिनी तर नको म्हणत होती. "लोक काय म्हनतीन, भाऊजी?" मी समजावलं. मी नावं घेता घेता मध्येच 'सुमन' म्हणेन. घेतलेलं नाव फिरत नाही. ढीग संपतील आणि शेवटी नाव उरेल माझं, म्हणजे भांडणारा मी एकटाच, आणि मी भांडणार नाही. कोणी ओरडलं तर तू तुझा तो देवाचा प्रश्न विचार. पुढच्या वेळी त्यांना एक ढीग जास्तीचा लावावाच लागेल. इतकं सोपं होतं सगळं. मी तिच्याकडून तो प्रश्न घोकून घेतला. तोंडावरचा पदर सोडून, मान वर करून म्हणायला लावला.

एरवी बायका ढिगांजवळ येत नाहीत. त्या दिवशी ती आली. कोणीतरी विचारलंही, इथी काय काम? ती तिथंच उभी राहिली. मी तळ्याकडे तोंड केलं.

हा कोणाचा? देवाचा. हा कोणाचा? मारोतीचा. हा कोणाचा?

पाठ भाजत होती. ऊन होतं म्हणून नव्हे. मागे सगळं गाव उभं होतं आणि ते माझ्या पाठीकडे बघत होतं. मी ठरवलं, पुढचं नाव तिचं. पुढचं आलं, मी दुसरंच घेतलं. बरं, याच्या पुढचं. असं करत करत नावं संपत आली. जिभेवर 'सु' आला होता, खोटं नाही सांगत — पण जिभेवर आलेलं कोणाला दिसतं? काठी शेवटच्या ढिगावर टेकली. आवाज आला, हा कोणाचा?

मी म्हणालो, "माझा."

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. पण वहिनी पुढे आली. मी नाव घेतलं नाही, तरी ती आली. पदर सोडून, मान वर करून, जसं मी शिकवलं होतं तसं. म्हणाली, "मायं नाव काऊन नाई घेतलं? देव पान्यात उतरला होता का? मंग त्याले काऊन वाटा?"

काकांचा चेहरा ताठ झाला. मारोती म्हणाला, "हे हिच्या डोक्यात कोनं घातलं?" आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. सहजच पाहिलं असेल. पण मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार.

मी छत्री धरल्यासारखा हात वर केला. गाइडबाईचा आवाज काढला. तो मला फार छान जमायचा. म्हणालो, "मुलांनो, इकडं पाहा — टीव्ही जास्त पाहिल्यावर बाईचं काय होतं ते!"

पाळ हसली. काका हसले, मारोती हसला, पोरं तर लोळली. मीही हसलो. खरं सांगू? सगळ्यांच्या आधी मीच हसलो. इतक्या लोकांना मी आयुष्यात पहिल्यांदाच हसवलं होतं, आणि एक क्षण — एकच का होईना — मला ते आवडलं.

वहिनीनं 'भाऊजींनीच शिकवलं' असं म्हटलं असतं तर? तिला एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते म्हटलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर घेतला आणि निघून गेली.

काकांनी पाठ थोपटली, म्हणाले, वेळ सांभाळलीस. पुढल्या वर्षी मला सचिव केलं. वहिनीला गाव 'गाइडबाई' म्हणू लागलं, अजून म्हणतं. तिनं टीव्ही विकला. माझ्या ढिगातले मासे मी तिच्याकडे पाठवत राहिलो आणि लोक म्हणत राहिले, दीर असावा तर असा. ती ते मासे घ्यायची. दुसरं काय करणार होती?

यंदा सोसायटीनं विधवा बायकांना वाटा द्यायचं ठरवलं. नव्या पोरांनी लावून धरलं, काका थकलेत. मी सचिव, म्हणून चंद्रपूरला एका संस्थेनं माझा सत्कार ठेवला. बोला म्हणाले. मी बोललो. म्हणालो, मला फार वर्षांपूर्वी एक प्रश्न पडला होता — देव पाण्यात उतरतो का? आधी हशा झाला, मग टाळ्या. बराच वेळ वाजत होत्या. मी हात जोडून उभा राहिलो.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. वहिनी अंगणात जाळं घेऊन बसली होती. आता तिला दूरचं नीट दिसत नाही. डोळे बारीक करून म्हणाली, "शाल कायची हो, भाऊजी?"

मी म्हणालो, "काई नाई. अशीच देली."

"बरं हाय," ती म्हणाली. "थंडीत कामी येईन."