चष्म्यातनं त्यांना बाळ द्यायला गेले

आमचे हे दुबईला कामाला गेले तवा मी गरोदर होते. पोरगं आता रांगाया लागलं, तरी त्यांनी त्याला एकदाबी हातात घेतलं नाय. फोनवर रोज बघतात, पन म्हनायचे, "नुसतं बघून काय गं, शेजारी बसल्यासारखं वाटाया पायजे." म्हनून सुट्टीवर येनाऱ्या मित्राजवळ व्हीआरचा चष्मा पाठवला. तसलाच एक त्यांच्याकडं. दोघांनी बांधला की दोघंबी एकाच खोलीत दिसतात म्हने.

त्या दिवशी दुपारी माझं अंग नुसतं मोडून आलं होतं. दात येतात म्हनून पोरगं झोपूच देत नव्हतं. तेवढ्यात दीर साजगावच्या कंपनीतनं पाळी करून आले. "वयनी, बस गं. दादा वाट बघतोय."

पोराला मांडीवर घेऊन बसले. दिरांनी चष्मा बांधला. यांचा आवाज आला नि मी सवयीनं पदर पुढं वढला. झालं, सगळं काळं!

"पदर सार गं! चष्म्याचे पुढचे कॅमेरे झाकलेस," दीर हसाया लागले.

शेजारी बसलेल्या सासूबाई म्हनल्या, "हसू नको रं. तिला लाज तरी हाय. तुझी येईल तवा बघू."

पदर सारला तर समोर हे. कमरेखाली कायच नाय, बाहुल्यावानी तोंड, पन आवाज यांचाच. मी पोराला घट्ट धरून मागं सरकले.

"घाबरू नको, मीच हाय. पोरगं रडतंय काय?"

"मघापासनं. मी थकले वो आता."

"दे इकडं." त्यांनी दोनी हात पुढं केले. अगदी जवळ. मी पोराला काखेत धरून उचललं, त्यांच्या हातावर ठेवलं, नि सोडलं.

"अगं ए!" सासूबाई वरडल्या. त्यांनी पोराला वरच्यावर झेललं. मी चष्मा वरबाडून काढला, पोराला छातीशी धरलं. लागलं नव्हतं कुठं.

खाली पडलेल्या चष्म्यातनं हे हाका मारत होते, "अगं, काय झालं? माझ्याकडं कायच नाय आलं. बोल ना गं!"

दीर फोन लावून देऊ लागले, तर मी नको म्हनलं. चष्म्याकडंच वाकून बोलले, "पोरगं बरं हाय. पन मला नाय जमायचं हे. तुमीच या."

"या वर्षी नाय गं जमनार," ते हळूच म्हनाले.

मी पोराला पाजाया घेतलं.