डोळे झाकून बघणारे रघूमामा

चरबीत गाठी शोधताना रघूमामा डोळे मिटून घेत. सोलापूरच्या आमच्या पॅथॉलॉजी विभागात मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा मला वाटलं, यांना डुलकी लागलीय. ऑपरेशनमधून आलेली काखेतली चरबी ते हळूहळू बोटांनी चेपत होते. मी हटकलं, तर म्हणाले, "डोळं उगडं ठिवलं की समदी चरबीच दिसती, मॅडम. गाठ बोटालाच गावती."

मामा वैराग गावचे, हुद्दा अटेंडंटचा, शिक्षण जेमतेम. पण लिम्फनोड म्हणजे काय, हे नव्या मुलांना तेच सांगत. "पायात काटा मोडला की जांघंत अवधाण येतंय का न्हाय? तीच ही गाठ. अंगातलं पाणी हितनं गाळून जातंय. परका शिरला की हितं अडवत्यात." मग मी सूक्ष्मदर्शकाखाली ती घेवड्याच्या दाण्यासारखी गाठ दाखवायची, तिच्यातली चाळणीसारखी जाळी आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे पुंजके. कॅन्सर पसरायला निघाला की बहुधा आधी इथेच सापडतो.

विड्या वळणाऱ्या एका बाईंच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या तर केमो नको, असं सर्जन म्हणाले होते. त्या चरबीतून मी स्वतः काढलेल्या सगळ्या गाठी स्वच्छ होत्या. मी खुशीत सहीसाठी पेन उचललं, तर मामा दारात.

"थांबा की जरा. चरबी टाकली न्हाय अजून."

सही होईपर्यंत चरबी टाकायची नाही, हा त्यांचा नेम. मी वैतागले. "मामा, दोनदा बघितलंय मी."

"व्हय, बगितलंय. चाचपलं न्हाय."

ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ त्यांनी काढून दिली. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर तिच्यात कॅन्सर दिसला आणि मी आधीचा रिपोर्ट फाडून नवा लिहिला. बाईंना केमो मिळाली. त्या बऱ्या झाल्या.

पुढे काही वर्षांनी तपासणीला आल्या तेव्हा माझ्यासाठी शेंगांची चटणी घेऊन आल्या. मी त्यांना मामांकडे नेलं. "तुमची गाठ यांनी शोधली," म्हटलं. बाई पाया पडायला वाकल्या, तसे मामा दोन पावलं मागे सरले.

"मला कशाला पाया पडताय, ताई? मॅडम म्हनल्या, चरबी ठिवा, म्हनून ठिवली."

ते धडधडीत खोटं बोलत होते, आणि मी ते खोडून काढलं नाही. माझी चूक त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. मामा निवृत्त झाले, गेल्या वर्षी वारलेही. आता मी सहीआधी चरबी मागवते आणि डोळे मिटून चाचपते. त्या दिवशी बाईंबरोबर मीही वाकायला हवं होतं.