रिकाम्या नळीची उंदरीण

भूत समोर येऊन उभं राहिलं असतं तरी मी आधी विचारलं असतं — तुझा कंट्रोल ग्रुप कुठाय? अशी बाई मी. चाळिशीत पीएच.डी.ला बसले आणि अ‍ॅप्रन इतका मिरवायचे की तो घालून भाजी आणायलाही जायचे. आता नातवंडं हसतात, मीही हसते. एवढं सांगताना मात्र हसू येत नाही...

सोलापूर, होटगीकडच्या रस्त्यावरचं एक फार्मसी कॉलेज. मागे अ‍ॅनिमल हाउस. बाहेर कडक ऊन, आत एसी. पांढऱ्या उंदरिणींची अंडाशयं काढून मानेमागे, कातडीखाली सिलिकॉनची बारीक नळी बसवायची. तिच्यातून आईपण जागवणारं हार्मोन आठवडेच्या आठवडे झिरपतं, रोज सुई टोचायला नको. निम्म्या जणींना हार्मोनची नळी, निम्म्यांना तुलनेसाठी रिकामी.

रिकाम्या नळीवाल्या एकीने घरटं बांधलं. टॉवेलच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत आम्ही पिंजऱ्यात घालायचो, ते ओढून. मग कोपऱ्यातून, पिल्लू आणावं तसं, तोंडात काहीतरी अलगद धरून आणायची, घरट्यात ठेवायची, पुन्हा जायची — तोंडात काहीच नसायचं.

पिंजरे बघणारे रजाकभाई म्हणाले, "मॅडम, हिची नळी बदलली तर न्हाय?"

नळ्या मीच भरलेल्या. एक जरी अदलाबदल झाली असेल तर सगळ्यांवरच शंका, सगळं काम कचऱ्यात. प्रयोगाच्या शेवटी सगळ्या उंदरिणींना भूल देऊन संपवायचंच होतं. मी हिला पहिली घेतली. नळी कापली... आत कणभरही हार्मोन नाही. पुढे रक्ताचा रिपोर्टही तसाच आला. पण मी तेव्हाच खूश. प्रबंध वाचला! रजाकभाईंना सांगितलं, ते घरटं टाकून द्या.

ते पिंजऱ्यात हात घालून तसेच थांबले. "हितं हात लावून बघा की."

सुतात तीन खळगे होते, भुईमुगाच्या शेंगेएवढे. उंदरीण जाऊन बराच वेळ झाला होता. तिन्ही खळगे ऊबदार.

रजाकभाई हळूच म्हणाले, "यांना आता कोण बघणार वो?"

नात सायन्सची आहे. ती म्हणते, आजी, शेजारी मोटर असेल, दिवा असेल. असेल बाई. मला अजून कारण सापडलेलं नाही. पण संध्याकाळपर्यंत मी त्या घरट्यात हात ठेवून बसले होते. दिव्याची ऊब असती तर तिन्ही एकदमच गार झाले असते. ते एकेक करून गार झाले. शेवटचा बराच वेळ टिकला...